पाव की पाऊण

फॉर्मच्या रकान्यात दोनच ओळींची जागा आहे,
म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते.

देवगडातलं आमचं वीस खाटांचं इस्पितळ.
खिडकीतून खाडी, गच्चीवरून पवनचक्क्या,
आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीशी.
डॉक्टर कणकवलीहून दोन दिवस येतात,
बाकीचे दिवस फोनवर.
त्या रात्री वारा होता.
ते म्हणाले पाव गोळी. मी ऐकलं पाऊण.
लिहिलं, खाली रेघही मारली.
सव्वीस वर्षं या नोकरीत मराठीच ऐकते आहे,
परत विचारायचं सुचलंच नाही.

पवित्रा बोहोरा विचारते.
नेपाळगंजात शिकली. तिथला कागद
इथे खरा ठरायला अकरा महिने गेले.
बाप जामसंड्याच्या कलमांत राखणीला,
मोहोराबरोबर यायचा, आंबे संपले की परत डोंगरात.
त्याला नाव नव्हतं, गुरखा म्हणायचे.
हिलाही पहिला महिना तेच म्हणाले,
पुढे फक्त सिस्टर जोडून.

"ताई, ही खाट सहाच ना?
ताई, लतिका कुबल हीच ना?"
मी एकदा चिडले, मराठी येत नसेल तर चार्ट बघ.
तिने चार्ट बघितला.
मग परत विचारलं.

तिची एक वही आहे, आत आमची दुखणी:
चळक, ठणका, उसण, हुळहुळ.
गरगरता, त्यापुढे रिंगटा.
कसनुसा होता, त्यापुढे प्रश्नचिन्ह.
ते तिने मला विचारलं होतं.
कसनुसा म्हणजे कसनुसा गो,
त्यात काय सांगायचं.

तीन रात्री गोळी मीच दिली.
पवित्रा तेव्हा खाली, बाळंतिणींकडे.
चौथ्या संध्याकाळी ती वर आली
आणि शेवंती तारी म्हणाली,
"माका सगळा पिवळा दिसता."

बंदरावर तीस वर्षं बांगडे विकलेली बाई,
मस्करीशिवाय तोंड उघडायची नाही.
मी म्हटलं, आंब्याचा सीझन, पिवळंच दिसणार.
आया हसली. समोरच्या खाटेवरची हसली.
पवित्राला विनोद कळला नाही.
तिने लिहून घेतलं.
पिवळं. भिंत पण. माझा एप्रन पण.
जेवण परत. कसनुसा, दोनदा.

मग मनगट धरून उभी राहिली, अख्खा मिनिट.
मी पंधरा सेकंद मोजते आणि चारने गुणते.
"बेचाळीस," ती म्हणाली,
आणि माझ्या तोंडाकडे बघून, "चार, दोन."
गोळी वाटीत काढलेली होती.
तिने वाटीवर हात ठेवला.
"ताई, पाव की पाऊण?
आमच्याकडे पण आहे, पाउ आणि पौने.
मला भीती वाटते त्याची."

जिना चढताना मला उत्तर माहीत होतं.
वारा तसाच.
"पाव," डॉक्टर म्हणाले. "मी पाव म्हटलं होतं."
मग बराच वेळ नुसता वारा.
मग, "काही देऊ नका. गाडी पाठवतो."

शेवंती वाचली. भिंत पांढरी दिसते म्हणते,
आणि रंग लावायला झालाय म्हणते.
मुलगा ट्रॉलरवरून थेट आला, ओल्या पायांनी.
पहिला प्रश्न त्याचा:
"ड्युटीर ता नेपाळी होता मा?"
पवित्रा तिथेच होती, सलाइनचे थेंब बघत.
मला उत्तर द्यायला वेळ लागला.
किती, ते लिहायला फॉर्मवर रकाना नाही.
तिने मोजला असेल.

तर पुढच्या बाजूला भरते:
औषध तिप्पट मात्रेत, तीन रात्री.
फोनवरचा हुकूम परत वाचून दाखवला का? नाही.
चूक लक्षात आणणार: पवित्रा बोहोरा.
चूक करणार: वृंदा मोंडकर.
सही तीच.

पाव आता आम्ही आकड्यात लिहितो,
एक, तिरकी रेघ, चार.
वहीतलं प्रश्नचिन्ह ती खोडायला निघाली होती.
म्हटलं, राहू दे.